श्रीकृष्ण वेलिणकर : पहिल्या महायुद्धातील मुंबईकर वैमानिकाचे जीवन, मृत्यू आणि स्मृती

बीजसंज्ञा : पहिले महायुद्ध, रॉयल फ्लाइंग कोअर, किंग्ज कमिशन, युद्धस्मारके, सैनिकांचा इतिहास, खानदेश

१. प्रस्तावना

पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने तेरा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, पॅलेस्टाइन व गॅलिपोली अशा दूरच्या रणभूमींवर त्यांना मरण आले. या विराट संख्येत वैमानिक अधिकारी म्हणून लढलेले भारतीय मात्र बोटांवर मोजण्याइतके होते. हरदितसिंग मलिक, एरल सेन, इंद्रलाल रॉय आणि श्रीकृष्ण वेलिणकर ही त्यांतील चार प्रमुख नावे होत. मलिक पंजाबचे, सेन व रॉय बंगालचे आणि वेलिणकर मुंबईचे. चौघांपैकी दोघे युद्धातून जिवंत परतले, तर वेलिणकर व रॉय १९१८ च्या उन्हाळ्यात अवघ्या तीन आठवड्यांच्या अंतराने मृत्यू पावले.

रॉय यांची स्मृती बंगालमध्ये जागती राहिली. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये त्यांच्यावर तिकीटही काढले. वेलिणकर यांना महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीत तसे स्थान लाभले नाही. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात साम्राज्याच्या गणवेशातील तरुणाला जागा नव्हती, आणि साम्राज्याच्या इतिहासात तो एक अपवाद म्हणून नोंदला गेला. या दोन्ही इतिहासांच्या मधल्या पोकळीत हरवलेल्या एका तरुणाच्या जीवनाचा व मृत्यूचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. एक, वेलिणकर यांना वैमानिक अधिकारी होण्यासाठी कोणते अडथळे पार करावे लागले, ते तत्कालीन लष्करी धोरणाच्या संदर्भात समजून घेणे. दोन, त्यांचा मृत्यू व त्यांच्या कबरीचा शोध या घटनांचा अर्थ लावणे. तीन, या एका उदाहरणाच्या आधारे महाराष्ट्रातील, विशेषतः खानदेशातील सामान्य सैनिकांच्या इतिहासाकडे कसे पाहता येईल, याचा विचार करणे.

वेलिणकर यांच्याविषयी आज जे उपलब्ध आहे ते प्रामुख्याने लष्करी व स्मारकविषयक नोंदींचे स्वरूप असलेले आहे. अशा नोंदी मृत्यूविषयी अधिक आणि जीवनाविषयी कमी बोलतात. म्हणून त्यांचे चरित्र मांडताना व्यक्तीपेक्षा व्यक्तीभोवतीच्या व्यवस्थेवर प्रकाश टाकणे अधिक उचित ठरते.

३. किंग्ज कमिशनचा प्रश्न

वेलिणकर यांच्या आयुष्याचे वळण समजण्यासाठी 'कमिशन' या शब्दाचे तत्कालीन वजन लक्षात घ्यावे लागते. १९१४ च्या भारतीय लष्करात देशी माणसाला जमादार, सुभेदार व सुभेदार मेजर या पदांपर्यंत चढता येत असे. ही पदे व्हाइसरॉयच्या सनदेने मिळत. राजाच्या सनदेने मिळणारी, म्हणजे सेकंड लेफ्टनंटपासून वरची लढाऊ पदे युरोपीय वंशाच्या उमेदवारांसाठी राखलेली होती. परिणामी तीस वर्षे सेवा केलेला, छातीवर पदके मिरवणारा सुभेदार मेजरही नुकत्याच रुजू झालेल्या वीस वर्षांच्या इंग्रज सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली येत असे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर हा या नियमाला असलेला ठळक अपवाद. लॉर्ड कर्झन यांनी १९०१ मध्ये संस्थानिक व सरदार घराण्यांतील मुलांसाठी इंपीरियल कॅडेट कोअर स्थापन केली होती, परंतु तिच्यातून बाहेर पडणाऱ्यांनाही ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीचा हुकमाचा अधिकार दिला गेला नाही.

हा केवळ नोकरीचा प्रश्न नव्हता. गोऱ्या शिपायाने काळ्या अधिकाऱ्याला सलाम करावा की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न होता. काँग्रेसच्या व्यासपीठावरून लष्करातील उच्च पदे भारतीयांना खुली करण्याची मागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत होती. ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री मॉंटेग्यू यांच्या घोषणेच्या सुमारास हा वर्णनिर्बंध तत्त्वतः उठवण्यात आला आणि कॅडेट कोअरमधून पुढे आलेल्या नऊ भारतीयांना किंग्ज कमिशन मिळाले. १९१८ पासून सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी दरसाल दहा जागा ठेवण्यात आल्या.

वर उल्लेखिलेल्या चार वैमानिकांना मात्र या घोषणेपूर्वीच, १९१७ च्या पहिल्या सात महिन्यांत, अधिकारपदे मिळाली होती. याचे कारण उदारमतात नव्हे, तर आकाशातील मनुष्यहानीत शोधावे लागते. रॉयल फ्लाइंग कोअर हे ब्रिटिश लष्कराचे नवे अंग होते. १९१७ च्या एकट्या एप्रिल महिन्यात पश्चिम आघाडीवर त्याची २४५ विमाने नष्ट झाली आणि दोनशेहून अधिक वैमानिक व निरीक्षक मारले गेले किंवा बेपत्ता झाले. सुशिक्षित, धाडसी व यंत्राची आवड असणाऱ्या तरुणांची गरज वाढत होती. शिवाय या दलातील युद्धकालीन कमिशन तात्पुरते असल्यामुळे भारतीय लष्करातील अधिकारश्रेणीला त्याने धक्का बसत नव्हता. साम्राज्याच्या भिंतीत या निमित्ताने एक लहानशी फट निर्माण झाली होती, आणि चार विद्यार्थी तिच्यातून आत शिरले.

४. मुंबई ते केंब्रिज, केंब्रिज ते विमानदल

श्रीकृष्ण वेलिणकर यांचा जन्म मुंबईचा. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले व केंब्रिज येथे शिकले. मुलाला विलायतेत पाठवू शकणाऱ्या मुंबईतील उच्चशिक्षित मध्यमवर्गाचे ते प्रतिनिधी होत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांच्या नावातील 'श्री' वेगळा तोडून ते पहिले नाव व 'कृष्ण' हे दुसरे नाव असल्यासारखे लिहिलेले आढळते. नावाची ही मोडतोड तेव्हा किरकोळ वाटली असेल. पुढे त्यांच्या मृत्यूनंतर मात्र नावाचे लेखन हाच कळीचा मुद्दा झाला.

युद्ध सुरू झाले तेव्हा ऑक्सफर्ड व केंब्रिजची वर्गदालने पाहता पाहता ओस पडली. बरोबरीचे इंग्रज विद्यार्थी सैन्यात अधिकारी म्हणून दाखल होत असताना त्याच बाकांवर बसणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना ते दार बंद होते. ऑक्सफर्डचे हरदितसिंग मलिक यांना प्रथम फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. पुढे त्यांच्या प्राध्यापकांनी वैमानिक दलाच्या प्रमुखांना पत्र लिहिल्यावर त्यांचा मार्ग मोकळा झाला. वेलिणकर यांचा अनुभव याहून फारसा वेगळा नव्हता. विमानोड्डाणाचे शिक्षण घेऊनही त्यांच्यापुढे प्रथम यांत्रिक म्हणून, म्हणजे साध्या सैनिकाच्या श्रेणीत, भरती होण्याचा पर्याय ठेवण्यात आला. वजनदार इंग्रज हितचिंतकाच्या मध्यस्थीनंतरच त्यांना अधिकारपद मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मलिक व वेलिणकर यांच्या बाबतीत गुणवत्ता आवश्यक होती, पण पुरेशी नव्हती. तिला विद्यापीठाचे नाव, इंग्लंडमधील वास्तव्य आणि ओळखीच्या माणसाचे पत्र यांची जोड लागत होती. सातारा, रत्नागिरी वा धुळे जिल्ह्यातील खेड्यातून भरती झालेल्या तरुणाच्या अंगी कितीही धाडस असले, तरी ही शिडी त्याच्या हाती येण्याची शक्यता नव्हती. वर्णाची भिंत आणि वर्गाची भिंत एकमेकींना लागून उभ्या होत्या.

५. २३ वी स्क्वॉड्रन आणि 'डॉल्फिन' विमान

वेलिणकर यांची नेमणूक फ्रान्समधील २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये झाली. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल फ्लाइंग कोअर व नौदलाची हवाई सेवा यांचे एकत्रीकरण होऊन रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल अस्तित्वात आले. त्यामुळे वेलिणकर एका दलात दाखल झाले आणि दुसऱ्या दलाचे अधिकारी म्हणून मृत्यू पावले.

१९१८ च्या वसंत ऋतूत ही स्क्वॉड्रन सॉपविथ कंपनीची 'डॉल्फिन' जातीची विमाने वापरू लागली. एका आसनाचे हे लढाऊ विमान रचनेने वेगळे होते. त्याचा वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित मागे बसवलेला असे आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येत असे. त्यामुळे वर व पुढे पाहण्याची उत्तम सोय झाली होती. मात्र उतरताना विमान उलटले, तर सर्वप्रथम वैमानिकाचे डोके जमिनीवर आपटण्याचा धोका होता. इंजिनातील दातेरी चाकांचे बिघाडही वारंवार होत. उंचावर हे विमान चपळ व प्रभावी होते. परंतु तेथील गारठा आणि विरळ हवा यांना वैमानिकाला उघड्या आसनात बसूनच तोंड द्यावे लागे. ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना त्या काळी हवाई छत्रीही दिली जात नसे. निरीक्षण फुग्यांतील सैनिकांना ती मिळत असे, पण विमानातील माणसाने विमान सोडू नये, अशी अपेक्षा होती. विमान पेटले किंवा मोडले, की त्याच्यासह जमिनीवर येणे एवढाच मार्ग उरत असे.

स्क्वॉड्रनचा तळ आमियां शहराच्या उत्तरेस बेर्तांगल येथे होता. २१ मार्च १९१८ रोजी जर्मनीने सुरू केलेल्या प्रचंड चढाईने ब्रिटिश आघाडी मागे रेटली गेली होती आणि आमियांसारखे महत्त्वाचे रेल्वेकेंद्र धोक्यात आले होते. एप्रिलच्या अखेरीस जर्मन फौज व्हिये-ब्रेतोने गावापाशी थोपवली गेली. त्यानंतर सोम नदीच्या परिसरात आघाडी काही काळ स्थिरावली. जमिनीवर तुलनेने शांतता असताना आकाशात मात्र रोजची गस्त व रोजच्या चकमकी चालू होत्या. प्रसिद्ध जर्मन वैमानिक रिख्टहोफेन एप्रिलमध्ये याच भागात मारला गेला आणि ब्रिटिशांनी त्याचे दफन बेर्तांगल येथेच केले. वेलिणकर यांच्या अखेरच्या उड्डाणांचे आकाश ते हेच.

६. जून १९१८ : मुंबईचे सभागृह आणि सोमचे आकाश

जून १९१८ या एकाच महिन्यात मुंबईशी संबंधित दोन घटना घडल्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्यास त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

१० जून रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली प्रांतिक युद्ध परिषद भरली. सैन्यभरतीस लोकांचे सहकार्य मिळवणे हा तिचा हेतू होता. लोकमान्य टिळक सहकार्यास तयार होते, परंतु त्याची सांगड स्वराज्याच्या प्रश्नाशी घालण्याचा त्यांचा आग्रह होता. ते या मुद्द्यावर बोलू लागताच गव्हर्नरांनी त्यांना अडवले आणि टिळक सभागृह सोडून निघून गेले. त्याच काळात महात्मा गांधी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरत होते. भारतीयांना लष्करात अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून गांधीजींनी मिळवावे, मग महाराष्ट्रातून पाच हजार सैनिक उभे करू, अशी टिळकांची भूमिका होती. आपल्या शब्दाची हमी म्हणून त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवला. सहकार्यात असा सौदा नसावा, या विचाराने गांधीजींनी तो परत केला.

टिळकांच्या या मागणीचा गाभा कमिशन हाच होता. ज्याला मरण्याचा अधिकार आहे त्याला हुकूम देण्याचाही अधिकार असला पाहिजे, असा तिचा आशय होता. ज्या दिवशी हा मुद्दा मुंबईच्या सभागृहात मांडू दिला गेला नाही, त्या दिवशी मुंबईचाच एक तरुण राजाच्या सनदेनिशी सोमच्या परिसरातील स्क्वॉड्रनमध्ये होता. तत्त्व म्हणून जे नाकारले जात होते, ते अपवाद म्हणून दिले गेले होते. अपवादाच्या मागे नियम झाकता येतो, हे वसाहतवादी राज्यकारभाराचे एक ठळक वैशिष्ट्य होय.

टाउन हॉलमधील त्या प्रसंगानंतर सतराव्या दिवशी, २७ जून १९१८ रोजी, वेलिणकर गस्तीवर निघाले आणि परतले नाहीत.

७. मृत्यू आणि कबरीचा शोध

स्क्वॉड्रनच्या दप्तरी त्यांची नोंद 'बेपत्ता' अशी झाली. बेपत्ता हा शब्द मृत्यूपेक्षा कठोर असतो, कारण तो आशा जिवंत ठेवतो. सैनिक शत्रूच्या हाती सापडला असल्यास जिनिव्हा येथील रेडक्रॉसमार्फत याद्यांची देवाणघेवाण होऊन नातलगांना कळवले जाई. त्यात आठवडे आणि कधी महिने जात. मुंबईसारख्या दूरच्या ठिकाणी हा काळ किती लांबत असेल, याची कल्पना करता येते. वेलिणकर यांच्या आईच्या वाट्याला ही प्रतीक्षा आली. युद्ध संपले, कैदी परत येऊ लागले, तरी मुलाचा ठावठिकाणा लागला नव्हता.

वस्तुस्थिती अशी होती, की जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या ताब्यात सापडले होते आणि तीन दिवसांनी, ३० जून १९१८ रोजी, त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. जर्मनांनी त्यांचे दफन आपल्या आघाडीमागील रुव्रुआ या गावी केले. पुढे ८ ऑगस्ट रोजी आमियांची लढाई सुरू झाली. काही दिवसांतच आघाडी या गावांवरून पूर्वेकडे सरकली आणि नोंदी ठेवणारे जर्मन तेथून निघून गेले. त्यांच्या नोंदीत एका परकीय अधिकाऱ्याचे नाव होते, पण ते ओळखू न येण्याइतके चुकीचे लिहिले गेले होते. एका मराठी आडनावाचे इंग्रजी लेखन, ते ऐकून वा वाचून जर्मन लेखनिकाने केलेली नोंद आणि त्या नोंदीचे पुन्हा इंग्रजीत झालेले वाचन, अशा तीन पायऱ्यांवर एका माणसाची ओळख पुसली गेली.

कुटुंबाच्या परिचयातील एका इंग्रज कर्नलच्या पाठपुराव्यामुळे युद्धानंतर या विचित्र नावाच्या अधिकाऱ्याची कबर वेलिणकर यांचीच असल्याचे निष्पन्न झाले. विखुरलेल्या कबरी मोठ्या दफनभूमींत एकत्र आणण्याच्या युद्धोत्तर मोहिमेत त्यांचे अवशेष हलवण्यात आले. आज ते सोम परगण्यातील हांगार येथील ग्राम दफनभूमीच्या विस्तारित भागात आहेत.

फ्रान्समध्ये मृत्यू पावलेल्या हिंदू व शीख शिपायांचे शक्य तेथे दहन करण्यात आले होते. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर अशा ५३ सैनिकांच्या दहनस्थळी १९२१ मध्ये छत्री उभारण्यात आली. ज्यांची कबर वा दहनस्थान ज्ञात नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे १९२७ मध्ये न्यूव्ह शापेल येथील भारतीय स्मारकावर कोरण्यात आली. वेलिणकर या दोन्ही ठिकाणी नाहीत. ते भारतीय लष्कराचे नव्हे, तर ब्रिटिश हवाई दलाचे अधिकारी होते. त्यामुळे मित्रराष्ट्रांच्या परदेशी सैनिकांच्या ओळीत, इतरांसारख्याच पांढऱ्या शिळेखाली त्यांना जागा मिळाली.

या शिळांवर तळाशी नातलगांना ६६ अक्षरांपर्यंत मजकूर कोरून घेता येत असे. वेलिणकर यांच्या शिळेवर साम्राज्याच्या शूरतम पुत्रांपैकी एक, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य आहे. हे शब्द आजच्या वाचकाला खटकण्याचा संभव आहे. परंतु ज्या साम्राज्याने या तरुणापुढे प्रथम यांत्रिकाची जागा ठेवली, त्याच साम्राज्याचा पुत्र म्हणून त्याचा उल्लेख दगडावर कोरला जाणे, ही निष्ठेची कबुली जशी असू शकते तशीच हक्काची मागणीही असू शकते. बरोबरीचा दर्जा जिवंतपणी मागावा लागला, तो मृत्यूनंतर त्या ओळीने नोंदवून घेतला, असाही तिचा अर्थ लावता येतो.

८. पुढील पिढी

पहिल्या महायुद्धातील या वैमानिकांचे उदाहरण पुढे भारतीयांच्या पात्रतेविषयीच्या चर्चेत उपयोगी पडले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची विधिवत स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ द्रिघ रोड येथे चार 'वापिटी' विमानांनिशी पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धात एकांड्या लढाऊ वैमानिकाची जागा मोठ्या प्रमाणावर बॉम्बफेकी विमानाच्या सामूहिक पथकाने घेतली. 'लँकेस्टर' विमानात सात जण असत. त्यांतील नेव्हिगेटर, म्हणजे मार्गनिर्देशक, पडदा ओढलेल्या कोपऱ्यात मंद दिव्याखाली बसून नकाशा, घड्याळ व वाऱ्याची गती यांवरून विमानाचे स्थान ठरवत असे. त्याला बाहेरचे युद्ध क्वचितच दिसे, पण त्याच्या एका चुकीने सातही जण वाट चुकून मृत्यूच्या तोंडी जात. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी ५५ हजारांहून अधिक मारले गेले. म्हणजे शंभरातील चव्वेचाळीस जण परतले नाहीत. या दलात शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे मराठी आडनावाचे अधिकारी लँकेस्टर विमानांवर नेव्हिगेटर होते. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले आणि ते युद्धातून सुखरूप परतले. ज्या विमानातून त्यांनी उड्डाणे केली, त्यांपैकी 'एस फॉर शुगर' या नावाने प्रसिद्ध असलेले लँकेस्टर लंडनच्या हवाई दल संग्रहालयात जतन केलेले आहे. वेलिणकर यांच्या पिढीला जे दार शिफारशीने किलकिले झाले होते, ते पुढल्या पिढीसाठी अधिक उघडले होते. मृत्यूचे प्रमाण मात्र कमी झाले नव्हते.

९. नाव कोणाचे कोरले जाते?

वेलिणकर यांची कबर सापडली, यामागे त्यांच्या आईची प्रतीक्षा आणि एका कर्नलची चिकाटी होती. पण त्याहूनही मूलभूत कारण म्हणजे ते अधिकारी होते. अधिकाऱ्याच्या नावाचा शोध घेणे ही व्यवस्थेची गरज होती. सामान्य शिपायाच्या बाबतीत ही गरज सर्वत्र मानली गेली नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मेसोपोटेमियात आढळते. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कूट अल अमारा येथील वेढ्यात त्यांनी उपासमार व रोगराई सोसली. शरणागतीनंतर अनेकांचा तुर्की कैदेत अंत झाला. या आघाडीवरील ज्या मृतांच्या कबरी ज्ञात नाहीत त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरण्यात आली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे होती, परंतु शिपायांचा उल्लेख पलटणीनिहाय केवळ संख्येने करण्यात आला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये ही विषमता मान्य केली. आशियाई व आफ्रिकी मृतांपैकी सुमारे ४५ ते ५४ हजार जणांचे स्मरण असमान रीतीने झाल्याचे तिने नमूद केले आणि कमिशनने त्याबद्दल क्षमा मागितली.

अशा रीतीने कमिशनचा प्रश्न पगाराचा, सलामीचा किंवा हुकमाचाच राहत नाही. तो मृत्यूनंतर नाव उरण्याचा प्रश्न ठरतो. वेलिणकर यांचे नाव चुकले, तरी ते दुरुस्त होऊ शकले, कारण दुरुस्त करण्यासाठी नाव होते. कूटच्या शिपायाच्या वाट्याला स्मारकावर नावच आले नाही.

इतिहास अभ्यासकांच्या दृष्टीने खानदेशासाठी यातून एक कार्यक्रम पुढे येतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे वास्तव्य धुळ्यात होते. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये तेथे स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ हे अस्सल कागदाला इतिहासाचा पाया मानणाऱ्या परंपरेचे प्रतीक आहे. ही परंपरा मुख्यतः मराठेशाहीच्या दप्तरांवर बहरली. विसाव्या शतकातील सामान्य सैनिकाच्या कागदांकडेही तिने त्याच निष्ठेने वळणे आवश्यक आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाती घेता येण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. घरात जुनी नाणी म्हणून जपलेले असे पदक हा एक दस्तऐवजच होय. निवृत्तिवेतनाची पुस्तिका, सेवामुक्तीचा दाखला, सैनिकी पत्रे व छायाचित्रे हीही महत्त्वाची साधने आहेत. महायुद्धात गावातून किती जण गेले व किती परतले नाहीत, हे सांगणाऱ्या सरकारी संगमरवरी पाट्या महाराष्ट्रातील अनेक गावांत आहेत. त्या पाट्यांवर संख्या असते, नावे नसतात. बसऱ्याच्या स्मारकाचेच ते लहान रूप म्हणावे लागेल. त्या संख्येमागील नावे शोधणे हे स्थानिक इतिहासाचे काम आहे.

१०. निष्कर्ष

१. वेलिणकर यांना मिळालेले अधिकारपद हे धोरणातील बदलाचे फळ नव्हते. युद्धकाळातील मनुष्यहानी, विद्यापीठीय पार्श्वभूमी व व्यक्तिगत शिफारस यांच्या संयोगातून ते शक्य झाले.

२. जून १९१८ मधील मुंबईची युद्ध परिषद आणि वेलिणकर यांचा मृत्यू या घटना एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. लोकमान्य टिळकांनी हक्क म्हणून जे मागितले, ते वेलिणकर यांना अपवाद म्हणून मिळाले होते.

३. साम्राज्याच्या सेवेतील सैनिकाला केवळ राजनिष्ठ ठरवून इतिहासाबाहेर ठेवणे अपुरे आहे. समान दर्जाची आकांक्षा हाही त्याच्या निर्णयाचा एक घटक असू शकतो.

४. स्मारकांवरील नाव व संख्या यांतील भेद हा वसाहतकालीन श्रेणीव्यवस्थेचा अवशेष आहे. तो दूर करण्याचे साधन स्थानिक पातळीवरील कागद, पदके व मौखिक परंपरा यांत आहे.

मुंबईच्या एका तरुणाची हांगार येथील शिळा आज तरी वाचता येते. तिच्यावरील अक्षरे टिकली, कारण कोणीतरी चुकलेल्या नावाचा पाठपुरावा सोडला नाही. खानदेशातून गेलेल्या आणि न परतलेल्या शिपायांसाठी तेच काम अद्याप व्हावयाचे आहे. घराघरांतील पदके व कागद नष्ट होण्यापूर्वी ते हाती घेणे अगत्याचे आहे.